मानसोपचार, मोबाईल आणि अमानत

हजरत अनस बिन मालिक (रजि.) लहान असताना मुलांबरोबर खेळत होते. प्रेषित मुहम्मद (स.) तेथे आले, त्यांनी मुलांना सलाम केला आणि अनस यांना एका कामावर पाठविले. काम उरकून घरी पोहोचायला उशीर झाला. आई, हजरत उम्मे सुलैम (रजि.), यांनी उशिराचे कारण विचारले. प्रेषितांनी (स.) कामाला पाठविले होते, असे मुलाने सांगितले. कसले काम, हे विचारताच तो म्हणाला की ते गुपित आहे. यावर आईने मुलाला खोदून खोदून विचारले नाही. प्रेषितांचे (स.) गुपित कोणालाही सांगू नकोस, अशी तिने उलट ताकीदच दिली. पुढे वृद्धापकाळात हजरत अनस (रजि.) आपले शिष्य साबित यांना म्हणाले की, ते गुपित कोणाला सांगायचेच असते तर तुलाच सांगितले असते. सहीह मुस्लिममध्ये ही हदीस आहे. ते काम कोणते होते, हे आज चौदाशे वर्षांनंतरही कोणाला ठाऊक नाही.

एका अल्पवयीन मुलाजवळ ठेवलेले गुपित असे सुरक्षित राहिले. अबू दाऊद आणि तिर्मिजी यांनी नोंदविलेल्या दुसऱ्या एका हदीसचा आशय असा आहे की, एखादा माणूस बोलताना मागेपुढे पाहू लागला, तर त्याचे ते बोलणे अमानत होय. ‘हे कोणाला सांगू नका’ असे त्याने तोंडाने म्हणण्याचीही गरज नाही. मान वळवून पाहणे पुरेसे आहे. ज्याच्याकडे सल्ला मागितला जातो तो अमानतदार असतो, असेही प्रेषितांनी (स.) शिकविले आहे. या दोन हदीसांत बोलून उपचार करणाऱ्या माणसाचे, म्हणजे मानसशास्त्रज्ञाचे व समुपदेशकाचे, अर्धे धर्मशास्त्र सामावले आहे, असे मला वाटते.

परंतु आज हे बोलणे ज्या खोलीत होते, तिच्या भिंती बदलल्या आहेत. रुग्ण सोलापुरात आणि उपचारक पुण्यात असतो. दोघांच्या मध्ये एक पडदा असतो, पडद्यामागे एक कंपनी, आणि त्या कंपनीचे संगणक कोणत्या देशात आहेत हे त्या दोघांपैकी एकालाही सांगता येत नाही. बोलणाऱ्याने मान वळवून कोठे पाहायचे? या काळात अमानतदार असणे म्हणजे नेमके काय करणे, हा प्रश्न मानसोपचारकांचा आहेच. आणि ज्यांची मुले, सुना, भाऊ त्यांच्याकडे जातात त्या आपल्या कुटुंबांचाही आहे.

मानसोपचारच कशाला हवा, नमाज आणि जिक्र आहे ना, असे म्हणणारे बंधू आपल्यात आहेत. त्यांच्याशी येथे फार वाद घालत नाही. अबू जैद अल-बल्खी हे इ.स. ९३४ मध्ये निधन पावलेले मुस्लिम विद्वान. शरीर आणि मन या दोहोंच्या हितासंबंधी त्यांनी जो ग्रंथ लिहिला, त्यात क्रोध, भीती, दुःख आणि मनाला छळणारे वसवसे यांवर स्वतंत्र विवेचन आहे. कारण ठाऊक असलेले दुःख आणि कारण न सापडणारे दुःख यांत ते फरक करतात. निरोगी माणूस अचानक आजारपण आले तर म्हणून घरी थोडी औषधे ठेवतो, तशी त्याने मनासाठीही काही विचारांची शिदोरी आधीच बांधून ठेवावी, अशी त्यांची सूचना आहे. एक हजार वर्षांपूर्वीच्या या माणसाला नमाजचे महत्त्व ठाऊक नव्हते, असे कोणी म्हणणार नाही.

तंत्रज्ञानाविषयी बोलताना आपल्याकडील उणीव आधी पाहिली पाहिजे. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातील १२ राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. वेगवेगळ्या विकारांनी ग्रासलेल्या लोकांपैकी ७० ते ९२ टक्क्यांपर्यंत लोकांना उपचार मिळत नव्हते, असे तीत दिसून आले. अशा देशात फोनवरून उपचार मिळण्याची सोय झाली, तर तिला नाके मुरडणे हा श्रीमंतांचा शौक आहे. भारत सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिनी, ‘टेली-मानस’ ही सेवा सुरू केली. १४४१६ हा तिचा क्रमांक. तो चोवीस तास चालतो, त्याला पैसे पडत नाहीत, आणि मराठीसह वीस भाषांत बोलता येते. आधी प्रशिक्षित समुपदेशक ऐकून घेतात, गरज पडली तर पुढे तज्ज्ञांकडे जोडून देतात. अक्कलकोट किंवा मंगळवेढा तालुक्यातील एखाद्या वस्तीवरची बाई सोलापूरच्या दवाखान्यात यायचे म्हटले तर दिवसाची मजुरी, एस.टी.चे भाडे, आणि ‘कुठे निघालीस’ या प्रश्नाला द्यायचे उत्तर, एवढे सगळे तिला जमवावे लागते. फोनने या तिन्ही गोष्टी वाचविल्या. शरीअतमध्ये लोकांची अडचण दूर करणे हे स्वतःच एक प्रयोजन मानले गेले आहे. त्यामुळे ज्या उपचारकाने तंत्रज्ञानाला सरसकट नकार दिला, त्याने पावित्र्य राखले असे मी म्हणणार नाही. त्याने काही माणसांना दाराबाहेर ठेवले.

मात्र फोनवर बोलणाऱ्या या बाईला पहिला प्रश्न विचारायला हवा तो साधा आहे: हा फोन कोणाचा?

सोलापूर हे यंत्रमागांचे आणि विडीचे शहर. विड्या वळणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया आहेत. कुंभारीजवळ विडी कामगार स्त्रियांसाठी गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली; त्यानंतर तिकडेच रे नगर उभे राहिले. हक्काचे घर मिळणे ही केवढी मोठी गोष्ट आहे, ते भाड्याच्या खोलीत आयुष्य काढलेल्यांना विचारावे. पण अशा लहान घरात, किंवा शहरातल्या जुन्या पेठांमधील एका खोलीच्या बिऱ्हाडात, सासू, नवरा, दीर, तीन मुले यांच्यामध्ये बसून एखादी सून उपचारकाला काय सांगणार? ‘हो’, ‘नाही’, ‘बरं आहे’ याच्या पलीकडे ती जाऊ शकत नाही. बहुधा फोनही नवऱ्याचा असतो. कोणाचा फोन आला, किती वेळ बोलणे झाले, हे त्यात लिहिलेले राहते. फोन तिचाच असला तरी त्याचा नमुना, म्हणजे तो उघडण्याची खूण, घरातल्या शाळकरी मुलालाही पाठ असते.

शहरी, सुशिक्षित, स्वतंत्र खोली असलेल्या माणसासाठी बनविलेली साधने आपल्या घरांत येतात तेव्हा हे गृहीतच धरतात की एक माणूस म्हणजे एक फोन. विचारी उपचारकाला हे गृहीत धरता येणार नाही. बोलणे सुरू करण्यापूर्वी त्याने विचारले पाहिजे: आत्ता जवळ कोण आहे? मोकळेपणाने बोलता येईल अशी वेळ कोणती? मध्येच कोणी आले तर कोणता शब्द उच्चारायचा, की मी लगेच विषय बदलून जेवणखाण्याचे बोलू लागेन? संदेश पाठवू की नको? आणि या सर्वांची उत्तरे प्रतिकूल आली, तर त्याने व्हिडिओचा हट्ट सोडावा. तिला महिन्यातून एकदा मुलाला लस द्यायला किंवा रेशन आणायला बाहेर पडावेच लागते. त्या वेळी जवळच्या सरकारी दवाखान्यात प्रत्यक्ष भेट ठरवावी. कोणती साधने वापरायची याइतकेच कोणती कोठे वापरायची नाहीत, हे कळणे त्याच्या कामाचा भाग आहे.

आता पडद्यामागच्या तिसऱ्याकडे वळू. अनेक उपचारक आपल्या नोंदी संगणकात ठेवतात. काही जण संभाषण ध्वनिमुद्रित करून, त्याचा सारांश यंत्राकडून लिहून घेतात. वेळ वाचतो, आणि हात मोकळे राहिल्याने समोरच्याकडे नीट लक्ष देता येते, असे त्यांचे म्हणणे. ते खोटे नाही. परंतु पूर्वी लोखंडी कपाटात कुलपाआड असलेली वही आता अशा जागी गेली आहे की तिची किल्ली उपचारकाच्या खिशात नाही.

याचे परिणाम कल्पनेतले नाहीत. फिनलंडमध्ये ‘वस्तामो’ नावाची मानसोपचार केंद्रांची मोठी साखळी होती. तिच्या संगणकातून रुग्णांच्या नोंदी चोरीला गेल्या. आधी चोराने कंपनीकडे खंडणी मागितली; ती मिळेना, तेव्हा ऑक्टोबर २०२० मध्ये त्याने थेट रुग्णांना पत्रे पाठविण्यास सुरुवात केली: एवढे पैसे द्या, नाहीतर तुम्ही तुमच्या उपचारकाला जे सांगितले ते जगाला दाखवितो. ३० हजारांहून अधिक लोकांच्या नोंदी त्याच्या हाती लागल्या होत्या. २०२४ मध्ये त्याला सहा वर्षे तीन महिन्यांची शिक्षा झाली. पण एकदा पसरलेली गोष्ट गोळा करता येत नाही. अमेरिकेतील ‘बेटरहेल्प’ या ऑनलाइन समुपदेशन कंपनीच्या बाबतीत तर चोर बाहेरचा नव्हताच. गुप्तता राखण्याचे आश्वासन देऊन कंपनीनेच ग्राहकांची माहिती जाहिरातींसाठी फेसबुक आणि स्नॅपचॅटसारख्या कंपन्यांना दिली, असा आरोप तेथील व्यापार आयोगाने ठेवला, आणि २०२३ मध्ये ७८ लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटविण्यात आले. मला या दुसऱ्या घटनेचे भय अधिक वाटते. चोराला आपण चोर म्हणतो. येथे तर अमानत सांभाळणाऱ्यानेच ती बाजारात मांडली.

आपल्या देशाचा कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ याच्या कलम २३ ने रुग्णाला गुप्ततेचा हक्क दिला आहे, आणि कलम २४ ने सांगितले आहे की संगणकीय वा डिजिटल स्वरूपात साठविलेल्या माहितीलाही तो हक्क लागू आहे. म्हणजे कपाटातली वही आणि आकाशातली वही कायद्याने एकच मानली. आपल्याकडे मात्र कायदा मोडण्यासाठी परदेशातील चोर लागत नाही. दवाखान्याने सगळ्या रुग्णांचा एकच व्हॉट्सॲप गट काढला की प्रत्येकाचा क्रमांक प्रत्येकाला दिसतो. ‘उद्या अकरा वाजता समुपदेशनासाठी या’ असा संदेश कुलूपबंद फोनच्याही पडद्यावर झळकतो. फी फोनवरून भरली की दवाखान्याचे नाव खात्याच्या उताऱ्यावर उमटते, आणि तो उतारा दुकानाचा हिशेब पाहणाऱ्या थोरल्या भावाच्या हातात जातो. या गोष्टी क्षुल्लक वाटतील, पण पेठेत राहणाऱ्या तरुण मुलीच्या आयुष्यात त्या क्षुल्लक राहत नाहीत. ज्या उपचारकाला नवनवी ॲप ठाऊक आहेत पण संदेशात दवाखान्याचे नाव न लिहिण्याचे सुचत नाही, त्याला आधुनिक म्हणणे कठीण आहे.

संमतीचे काय, असे कोणी विचारील. ॲप सुरू करताना ‘मान्य आहे’ या चौकोनावर बोट टेकविलेले असतेच. फिकहमध्ये व्यवहार ठरताना वस्तू अज्ञात असेल, तिच्याविषयी धोका लपलेला असेल, तर त्याला गरर म्हणतात, आणि असा सौदा सदोष ठरतो. न उडालेल्या पक्ष्याचा सौदा होतो, आकाशात उडणाऱ्याचा होत नाही. चाळीस पानांच्या इंग्रजी अटी न वाचता टेकविलेले बोट मला आकाशातल्या पक्ष्याच्या सौद्यासारखे वाटते. म्हणून खरी संमती तीच, जी उपचारक स्वतः, रुग्णाच्या भाषेत, दोन-चार वाक्यांत मागतो: मी हे ध्वनिमुद्रित करणार आहे, या कारणासाठी, ते अमुक दिवस राहील, मग पुसले जाईल, तुम्ही नको म्हणालात तरी उपचारात काही उणे पडणार नाही. यातले शेवटचे वाक्य गाळले तर आधीच्या सगळ्या वाक्यांना अर्थ उरत नाही. कारण उपचारकासमोर बसलेला माणूस आधीच दबलेला असतो आणि तो कशालाही ‘हो’ म्हणेल.

सर्वांत कठीण प्रश्न मात्र मध्ये बसलेल्या यंत्राचा नाही. उपचारकाच्या जागी येऊन बसलेल्या यंत्राचा आहे.

१९६६ मध्ये अमेरिकेच्या एमआयटी या संस्थेतील जोसेफ वायझेनबॉम यांनी ‘एलायझा’ नावाच्या संगणक कार्यक्रमाची माहिती प्रसिद्ध केली. तो मानसोपचारकासारखा संवाद करी. प्रत्यक्षात त्याला काहीच कळत नव्हते. माणसाने टंकित केलेले वाक्य उलटवून तो प्रश्न म्हणून परत देई. ‘माझ्या वडिलांमुळे मी दुःखी आहे’ म्हटले की ‘तुमच्या वडिलांविषयी आणखी सांगा’ असे म्हणे. वायझेनबॉम यांच्या चिटणीस बाईंनी तो बनताना महिनोन्‌महिने पाहिला होता. तरीही त्याच्याशी थोडेसे बोलणे होताच त्यांनी वायझेनबॉम यांना खोलीबाहेर जाण्याची विनंती केली. त्यांना एकांत हवा होता! या अनुभवाने तो शास्त्रज्ञ हादरला आणि माणसाच्या जागी यंत्र कोठे असू नये यावर त्याने पुढे १९७६ मध्ये एक संपूर्ण पुस्तक लिहिले.

आजची यंत्रे एलायझापेक्षा कितीतरी पटींनी बोलकी आहेत. बेंगळुरूत सुरू झालेले ‘वायसा’ हे ॲप मनाच्या आरोग्यासाठीच बनविलेले आहे. आणि ज्यांचा मूळ उद्देश तो नव्हता अशा चॅटजीपीटीसारख्या यंत्रांजवळही तरुण मुले रात्री दोन वाजता मन मोकळे करतात. इशाच्या नमाजनंतर मशिदीत थांबून माझ्याशी बोलणाऱ्या तरुणांपैकी काही जण हे सांगतात. एकाने मला निरुत्तर करणारे वाक्य ऐकविले: “मौलाना, तुमच्यासमोर शरम वाटते, त्याच्यासमोर वाटत नाही.”

हे वाक्य हलक्याने घेऊ नये. ज्याला लाज वाटते त्याचे पहिले वाक्य यंत्रासमोर बाहेर पडले, तर ते काही वाईट झाले नाही. झोप का येत नाही, छातीत धडधड का होते, हे त्याने विचारले आणि श्वास शांत करण्याची एखादी रीत शिकला, तर त्याला त्याचा लाभ आहे. परंतु उपचार तेथे संपला असे मानता येत नाही. त्याचे कारण यंत्र हुशार नाही हे नव्हे. उद्या ते आपल्या सर्वांहून हुशार होईल. कारण वेगळे आहे.

सूरह अहजाबच्या ७२ व्या आयतीत अल्लाहने सांगितले आहे की अमानत आकाश, पृथ्वी आणि पर्वत यांच्यासमोर मांडली गेली. ती उचलण्यास त्यांनी नकार दिला, ते तिला भ्याले, आणि मनुष्याने ती उचलली. मुफस्सिरांनी या अमानतीचे अनेक अर्थ केले असले, तरी जबाबदारी आणि तिच्याविषयी द्यावा लागणारा जाब हे त्यांच्या मुळाशी आहे. पर्वत कमकुवत होते म्हणून ते भ्याले असे कोणी म्हणणार नाही. सामर्थ्य एक आणि उत्तरदायित्व दुसरे. यंत्राचे सामर्थ्य पर्वताएवढे मानले, तरी कयामतच्या दिवशी ते कोणत्या रांगेत उभे राहणार? आणि कयामतपर्यंत कशाला थांबायचे; सोलापूरच्या न्यायालयातही त्याला उभे करता येत नाही. वैद्यकीचे ज्ञान सिद्ध नसताना जो उपचार करतो तो नुकसानीस जबाबदार आहे, असा आशय असलेली हदीस अबू दाऊदमध्ये आहे. या हदीसवर आमच्या फकीहांनी वैद्याच्या ‘जमान’चे, म्हणजे भरपाईचे, संपूर्ण प्रकरण उभे केले. त्या प्रकरणात प्रत्येक वेळी एक माणूस सापडतो, ज्याला धरता येते. यंत्राने चुकीचा सल्ला दिला तर कंपनी अटींकडे बोट दाखविते, अटी वापरणाऱ्याकडे बोट दाखवितात, आणि वापरणारा तर आधीच कोसळलेला असतो.

आपल्या देशाने हे सूत्र मान्य केले आहे, ही समाधानाची गोष्ट. २५ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, डॉक्टरांनी दूरस्थ उपचार कसे करावेत याची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली. त्यांत असे नमूद आहे की कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या यंत्रणेने रुग्णाला सल्ला देऊ नये किंवा औषध लिहून देऊ नये. ते काम नोंदणीकृत डॉक्टरानेच, रुग्णाशी थेट बोलून करावे. यंत्रणा त्याला साहाय्य मात्र करू शकेल. अमेरिकेतील इलिनॉय राज्याने ऑगस्ट २०२५ मध्ये मानसोपचाराच्या बाबतीत याच धाटणीचा कायदा केला. उपचारकाने यंत्राची मदत घ्यावी की नाही, याचे उत्तर मला यात दिसते. वेळापत्रक लावणे, नोंदी नीट ठेवणे, रुग्णाने दोन भेटींच्या मधल्या आठवड्यात झोपेची वही भरावी म्हणून आठवण देणे, ही कामे यंत्राने जरूर करावीत. परंतु ‘हा माणूस आज रात्री एकटा राहू शकेल काय’ या प्रश्नाचे उत्तर ज्याला झोप लागणार नाही अशा कोणीतरी दिले पाहिजे.

उपचारकाने रुग्णाला मोकळेपणी विचारावे, की तू यंत्राशी बोलतोस काय, त्याने काय सांगितले? रागावण्यासाठी नव्हे. जे त्याने यंत्राला सांगितले आणि उपचारकाला सांगितले नाही, तेथेच बहुधा दुखरी जागा असते.

भाषेची एक अडचण येथे नोंदवितो, कारण मराठी घेऊन बी.ए. झालेल्या माणसाला ती डोळ्याआड करता येत नाही. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि आपली दखनी एकाच गल्लीत बोलली जाते. आमच्या घरातली बाई ‘उदास आहे’ असे म्हणत नाही. जीव घाबरा होतो, डोके भणभणते, अंगात मुंग्या येतात, कलेजा बैठ जाता, असे म्हणते. दुःख शरीराच्या भाषेत बोलते. हे वाक्य पुस्तकी इंग्रजीत उतरवून यंत्राने सारांश केला, तर त्यात हृदयाची तक्रार दिसेल आणि सासरची तक्रार गळून जाईल. जो उपचारक दहा वर्षे या शहरात ऐकत आला आहे, त्याला ‘कलेजा’ कोठे बसतो हे कळते. यंत्राचा सारांश वाचून सही करण्यापूर्वी त्याने मूळ वाक्य आठवून पाहावे.

गुपित कधी उघडावे, हाही प्रश्न दूरस्थ उपचारात नवे रूप घेतो. जीव धोक्यात असेल तर गुप्ततेला अपवाद आहे. २०१७ च्या कायद्यातही तो आहे, आणि दोन हानींपैकी मोठी टाळण्यासाठी लहान पत्करावी या आपल्या फिकही नियमातही. समोरासमोर बसलेला उपचारक अशा वेळी दार अडवून उभा राहू शकतो, नातेवाइकाला आत बोलावू शकतो. पडद्यापलीकडच्याला ते जमत नाही. म्हणून पहिल्याच भेटीत त्याने तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: तुम्ही आत्ता कोठे बसला आहात, तुमचा विश्वास असलेला जवळचा एक माणूस कोण, आणि सर्वांत जवळचा दवाखाना कोणता. हा माणूस घरातलाच असावा असा आग्रह धरू नये. कधी शेजारीण, कधी मामी, कधी मदरशातील उस्ताद अधिक जवळचे असतात. आणि कोणत्या प्रसंगी मी त्यांना फोन करीन, हे त्याच दिवशी सांगून टाकावे. न सांगता उघडलेले गुपित प्राण वाचवील, पण तो माणूस पुन्हा कोणाजवळ बोलेल की नाही याची खात्री राहणार नाही.

शेवटी एका गोष्टीविषयी लिहिणे भाग आहे, कारण तिच्याबद्दल मला वरचेवर विचारले जाते: रिश्त्याची चौकशी. मुलीकडचे किंवा मुलाकडचे लोक येतात आणि म्हणतात, मौलाना, ऐकले आहे की अमक्याच्या मुलीचे डोक्याचे औषध चालू होते, तुम्हाला काही ठाऊक? काही जण तर डॉक्टरच्या चिठ्ठीचे छायाचित्रच फोनवर दाखवितात. कोणीतरी कोणालातरी पाठविलेले, आणि मग हातोहात फिरलेले. असे लोक आधार म्हणून हजरत फातिमा बिन्त कैस (रजि.) यांची हदीस सांगतात. त्यांना ज्यांच्याकडून मागणी आली होती त्यांच्याविषयी प्रेषितांनी (स.) स्पष्ट मत दिले होते, हे खरे आहे. पण तेथे सल्ला मागणारी स्वतः ती स्त्री होती, आणि जे सांगितले गेले ते लोकांना दिसणारे वर्तन होते; कोणी उपचारासाठी विश्वासाने उघडलेले मन नव्हते. जो आजार वैवाहिक जीवनावर खरोखर परिणाम करणार आहे तो लपवून निकाह लावणे ही फसवणूक आहे, याबद्दल दुमत नाही. ते सांगण्याचे कर्तव्य मात्र त्या मुलीचे किंवा मुलाचे, आणि त्यांच्या वलीचे. दवाखान्याचे ते नव्हे, औषधाच्या दुकानाचे नव्हे, चिठ्ठीचे छायाचित्र पुढे ढकलणाऱ्या चुलत भावाचे तर मुळीच नव्हे. सूरह हुजुरातच्या १२ व्या आयतीने हेरगिरी आणि चहाडी यांना एकाच श्वासात मनाई केली आहे. आणि परीक्षेच्या वर्षी सहा महिने झोपेची आणि घबराटीची गोळी घेऊन बरी झालेली मुलगी कोणाला काही सांगणे लागत नाही.

अशी छायाचित्रे माझ्यासमोर आली की मी फोन परत देतो आणि ते आधी पुसायला सांगतो, आणि ज्याने पाठविले त्यालाही पुसायला लावा म्हणतो. काही जण पुसतात. उपचारकांना माझी विनंती एवढीच की चिठ्ठी कागदावर हातात द्यावी, फोनवर पाठवायचीच झाली तर ज्याची आहे त्याच्याच क्रमांकावर, त्याला विचारून पाठवावी; आणि ‘घरच्यांच्या नंबरवर टाकू का’ हा प्रश्न मुलीला तिच्या आईसमोर विचारू नये.